नदीवरून पडलेलं आडनाव

माझ्या नवऱ्याला विमानतळावर अडवून आत नेलं, तेव्हा मी बहरीनला गुदैबियातल्या आमच्या खोलीत मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. त्यांना सोडून येऊन दीड-दोन तास झाले असतील. वरून विमान गेल्याचा आवाज आला. मी मुलीला म्हटलं, "बघ, पप्पा चालले." ती खिडकीशी गेली आणि हात हलवून आली. त्या विमानात ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. मुंबईहून धाकटा दीर बोलत होता. तो पहाटेपासून विमानतळाबाहेर उभा होता.

"भाभी, भाई निघाला ना?"

"निघाले की. मी स्वतः सोडून आले."

"मग आला नाही तो. सगळी माणसं बाहेर पडली. मी आत विचारून आलो. यादीत नाव आहे म्हणतात, पण माणूस बसलाच नाही."

माझी सासू सावित्रीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी तारीख दिली नव्हती, पण दिराला बाजूला घेऊन मुलाला बोलावून घ्या असं सांगितलं होतं. म्हणून हे तातडीने निघाले होते. आता दीर विचारत होता, आम्माला काय सांगू. मी म्हटलं, सुट्टी मिळाली नाही म्हणून सांग. तेव्हापासून मी जे खोटं बोलायला लागले ते पुढे सात आठवडे बोलत राहिले.

नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. नवरा एसी दुरुस्तीच्या एका कंपनीत सुपरवायझर होता, वर्कशॉप जिदहफ्सला. मी महाडला टायपिंग शिकले होते, त्याच्या जोरावर मला मनामात एका जहाज-तपासनिसाच्या ऑफिसात काम मिळालं होतं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेर मी आणि टाइपरायटर, आत साहेब. साहेब साठीचे, स्कॉटलंडचे, लाल तोंडाचे आणि हळू बोलणारे. बंदरात जाऊन जहाजाचा पत्रा, बॉयलर, तळ तपासायचे आणि अहवाल लिहायचे. त्यांचं आडनाव क्लाइड.

ते मला पहिल्या दिवसापासून 'मिसेस' म्हणून पुढे माझ्या सासऱ्यांचं नाव लावून हाक मारत. पासपोर्टवर तेच छापलेलं होतं. नवऱ्याचं नाव, मग त्यांच्या वडिलांचं नाव, खलास. मुंबईच्या एजंटाने फॉर्म भरताना विचारलं होतं, बाप का नाम, आणि ते आडनावाच्या रकान्यात टाकलं होतं. एक दिवस मी साहेबांना सांगितलं की तुम्ही मला मेलेल्या सासऱ्यांच्या नावाने हाक मारता, मला दचकायला होतं.

"मग तुमचं आडनाव काय?"

मी सांगितलं. गावाचं नाव आणि त्याला 'कर'.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आडनावांचा शोध हा त्यांचा छंद होता. टेबलाच्या खालच्या खणात त्यांनी एक जाड फाइल ठेवली होती. तिच्यात स्कॉटलंडातल्या आणि आयर्लंडातल्या चर्चांना लिहिलेली पत्रं आणि त्यांची आलेली उत्तरं. त्यांनी मला क्लाइड नदीचं सांगितलं. दक्षिणेकडच्या उघड्या बोडक्या डोंगरांत उगम, मग धबधबे, मग ग्लासगो, मग रुंद होत होत समुद्र. त्यांच्या वडिलांच्या काळात दोन्ही काठांवर जहाजं बांधायचे कारखाने होते आणि हातोड्यांच्या आवाजात शाळेत मास्तरांचं बोलणं ऐकू येत नसे. जुन्या लोकांनी या नदीला 'क्लोटा' असं लिहून ठेवलंय, म्हणाले. कुणी म्हणतं त्याचा अर्थ धुणारी, स्वच्छ करणारी. कुणी म्हणतं ती देवीच होती. ठाम कुणालाच माहीत नाही.

"आणि तुमचे वाडवडील तिच्या काठी राहायचे," मी म्हटलं.

"तिथेच घोटाळा आहे. त्या काठावरच्या जुन्या वह्यांत मला आमचं कुणी सापडत नाही. सापडतं ते समुद्रापलीकडे, आयर्लंडात. तिथल्या एका गावात एकाच नावाची दोन माणसं होती. त्यातला जो बाहेरून आला होता, त्याच्यापुढे लिहिलंय, क्लाइडचा. काठावर राहत होता तोवर त्याला कोण क्लाइड म्हणणार? तिथे सगळेच क्लाइडचे."

तेव्हा मला हे सगळं म्हाताऱ्या माणसाचं वेळ घालवणं वाटलं होतं. चहाचा कप उचलून मी बाहेर आले होते.

नवरा कुठे आहे हे चौथ्या दिवशी कळलं. तेही साहेबांनी बंदरातल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याला फोन केला म्हणून. कंपनीने हात वर केले होते. त्यांचा मॅनेजर म्हणाला, पोलिसांची बाब आहे, आम्ही मध्ये पडणार नाही. मी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले. शेवटी एका टेबलापलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने मला इंग्रजीत सांगितलं.

चार वर्षांपूर्वी मआमीरला एका गोदामाला आग लागली होती. आत झोपलेला एक कामगार जळून मेला. गोदामाचा चौकीदार त्याच दिवशी पळाला, तो सापडलाच नाही. नवा आलेला माणूस होता, त्याचं ओळखपत्रही निघालं नव्हतं. कागदावर उरलं होतं ते नाव, बापाचं नाव आणि देश. ती तिन्ही माझ्या नवऱ्याशी जुळत होती.

"फोटो असेल ना?"

त्याने एक कागद फिरवून माझ्यापुढे धरला. फॅक्सचा फॅक्स केलेला. चौकटीत काळा डाग, त्यात कपाळासारखं थोडं पांढरं. तो कुणाचाही फोटो होऊ शकला असता. माझ्या नवऱ्याचासुद्धा.

"त्या वेळी माझे मालक बहरीनमध्ये नव्हते. आधी एकदा दोन वर्षं होते, मग परत गेले. मुंबईत चौदा महिने नोकरी केली. त्यानंतर नव्या व्हिसावर आले."

"जुना पासपोर्ट आणा. शिक्के बघू."

जुना पासपोर्ट गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत होता. त्याला वाळवी लागली होती. बहरीनला यायच्या आधी मी स्वतः ती पेटी झाडली होती, पासपोर्टची कातडी उरली होती आणि आत मातीचा भुगा.

"तुमच्याकडे नोंद असेल," मी म्हटलं. "माणूस कधी गेला, कधी आला."

"शोधायला सांगितलंय. जुन्या नोंदी हाताने शोधाव्या लागतात. सध्या इथे गावागावांत गडबड चालू आहे, माणसं कमी आहेत. इंशाल्ला, सापडेल."

मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले.

एक कागद मिळण्यासारखा होता. मुंबई बंदरातल्या मासळीच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये ते चौदा महिने होते, तिथला हजेरीपट. दिराने धावपळ केली. कोल्ड स्टोरेजच्या मुकादमाने जुनं मस्टर काढून दिलं, मॅनेजरने सही-शिक्क्याचा दाखला दिला. फॅक्स आला तेव्हा मी मशीनमधून कागद पुरता बाहेर पडायच्या आधीच ओढला. सगळं होतं. आग लागली त्या आठवड्याची हजेरीसुद्धा होती. फक्त नाव वेगळं होतं. ती नोकरी गावच्या एका माणसाने लावून दिली होती आणि मुंबईच्या रिवाजाने त्याने आडनाव लिहिलं होतं, गावाचं, 'कर' लावून. वडिलांच्या नावाची नुसती आद्याक्षराची टिकली.

तरुण अधिकाऱ्याने तो कागद वाचला, पासपोर्ट शेजारी ठेवला.

"हा दुसरा माणूस आहे," तो म्हणाला.

"तेच आहेत. आडनाव गावावरून आहे."

"पासपोर्टवर नाही. तुमच्या निकाहच्या कागदावर नाही. तुमच्या मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर नाही. बहन, मी काय समजू?"

तो वाईट माणूस नव्हता. मला पाणी आणून द्यायला त्याने माणसाला सांगितलं. पण पाणी पिऊन मला तिथून निघावंच लागलं.

भेट आठवड्यातून एकदा, मंगळवारी, दहा मिनिटं. मध्ये जाळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची दाढी वाढली होती आणि ओठ फुटले होते. मी आमच्या बोलीत सुरुवात केली, तर बाजूला उभ्या शिपायाने हात वर केला. "हिंदी में बोलो. मेरे को समझना चाहिए."

मी माझ्या नवऱ्याशी आयुष्यात कधी हिंदीत बोलले नव्हते. बाजारात, शेजारी, दुकानात बोलत होते. त्यांच्याशी नाही. आम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंना परक्यांसारखे बोलत बसलो.

"अम्मा कैसी है?"

"ठीक है."

"मेरे बारे में पूछती है?"

"बोला है, छुट्टी नहीं मिली."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मैंने किसी को नहीं मारा." शिपाई दुसरीकडे बघायला लागला.

दिराला मी गावच्या शाळेत पाठवलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव, बापाचं नाव आणि आडनाव, तिन्ही एका ओळीत असणार, त्यावरून दोन्ही कागदांची गाठ पडेल, अशी माझी सगळी आशा होती. दोन दिवसांनी मी मनामातल्या एका फोन-बूथवरून ठरलेल्या वेळी गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावला. दीर आधीच येऊन थांबला होता.

"भाभी, रजिस्टर मिळालं. आडनावाचा रकाना कोरा आहे."

"कोरा?"

"भाईचाच नाही. पूर्ण पानाचा. मास्तर म्हणाले, अख्ख्या गावाचं आडनाव एकच, कोण लिहीत बसणार?"

रिसीव्हर ठेवून मी बूथवाल्याला पैसे न देताच चालायला लागले. त्याने मागून हाक मारली, तेव्हा परत आले. तिथून मी घरी गेले नाही, ऑफिसलाही गेले नाही. बस धरून मआमीरला गेले. तिथे काय करायचं हे मला माहीत नव्हतं. कारखान्यांच्या धुराचा वास, तारांची कुंपणं, पत्र्याच्या शेड. विचारत विचारत त्या गोदामाच्या जागी पोचले. तिथे आता पाइप रचून ठेवले होते. समोर एक चहाचं टपरीवजा दुकान होतं. दुकानदार म्हातारा, हिंदी बोलणारा.

"आग लागली तेव्हाचा चौकीदार आठवतो का? कसा दिसायचा?"

"कौन, चाचा? हां, था एक."

"नाव काय त्याचं?"

"चाचा ही बोलते थे सब."

"वय?"

"होगा पचास, पचपन. दाढी सफेद थी."

माझा नवरा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मी दुकानदाराला म्हटलं, हे तुम्ही पोलिसांपुढे सांगाल का. त्याने कप विसळायला घेतले. एकदा माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बेटी, मेरा खुद का कागज ठीक नहीं है." त्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. बसची वाट बघत उन्हात उभी असताना मला त्या चाचाचा राग राग आला. तो मेला असावा असं वाटलं, सापडावा असं वाटलं, त्याच्या बायकोने माझ्यासारखं उभं राहावं असं वाटलं. मग वाटलं, ती असेलही उभी कुठेतरी. तिला तर तो कुठे आहे हेही माहीत नसेल. बस आली, तिच्यात मी चढले नाही. पुढच्या बसलाही नाही. समोर रस्त्यावरून मोठे टँकर वेगाने जात होते आणि मी त्यांच्याकडे फार वेळ बघत होते. माझ्या शेजारी उभ्या फिलिपिनो बाईने माझ्या हाताला धरून मागे घेतलं. तिसऱ्या बसमध्ये तिने मला आपल्या शेजारी बसवलं.

मुलीला शेजारच्या वहिनी सांभाळत होत्या. त्या पुण्याच्या, त्यांचे यजमान बँकेत होते. मी गेले तर दोघी जेवायला बसल्या होत्या. मुलगी सहा वर्षांची, तिला मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत द्यायची. तिने विचारलं, "मम्मा, इज पापा डेड?"

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"नाही गं. पप्पा गावी आहेत, आजीजवळ."

"देन व्हाय आर यू ऑल्वेज क्राइंग?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे शाळेच्या रजिस्टरचं सांगून टाकलं. त्यांच्यापुढे रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. माझं रडणं संपेपर्यंत पाठ करून उभे होते. मग म्हणाले, "तुमच्या गावात आडनाव सापडणार नाही. आमचंही नदीवर सापडलं नाही. गाव सोडून पहिल्यांदा बाहेर कोण गेलं?"

"आजे-सासरे. जहाजावर खलाशी होते."

"मग त्यांचं जहाजाचं बुक शोधा. तिथे असेल."

ते बुक सासूच्या उशाखाली होतं. नवऱ्याच्या आजोबांचं, काळ्या कापडी पुठ्ठ्याचं. आत तारखा, बंदरं, आणि ठळक अक्षरात नाव, गावाचं नाव, 'कर'. दिराने आम्माकडे मागितलं तेव्हा तिने विचारलं, कशाला. तो म्हणाला, भाईच्या ऑफिसला हवंय. ती म्हणाली, "ने. पण परत आण." मग गावच्या जमातीने, मशिदीच्या पंचांनी, एक पत्र दिलं, की अमुक खलाशाचा तमुक मुलगा आणि त्याचा हा मुलगा, हे एकच घर आणि हेच आडनाव. त्यावर जमातीचा शिक्का, तहसीलदारापुढचं प्रतिज्ञापत्र. सगळं एका येणाऱ्या माणसाच्या हाती बहरीनला आलं.

साहेबांनी सोबत एक पत्र लिहायला घेतलं. तीन पानी. मी टाइप करायला बसले, तर पहिलं दीड पान क्लाइड नदीचं होतं. उगम, क्लोटा, आयर्लंडातलं गाव, एकाच नावाची दोन माणसं.

"साहेब, हे काढा," मी म्हटलं. "त्यांना काय करायची तुमची नदी? ते म्हणतील, ही बाई चेष्टा करतेय."

"तुमचं एकटीचं लिहिलं तर त्यांना ती सबब वाटेल. आधी माझं वाचू द्या. वाचता वाचता त्यांना स्वतःचं आठवेल. इथेही माणसं गावावरूनच ओळखतात."

"आणि नाही आठवलं तर?"

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी टाइप केलं. अक्षरं चुकत होती, तीनदा कागद फाडावा लागला. चौथ्यांदा त्यांनी स्वतः बसून दोन बोटांनी टाइप केलं आणि मी मजकूर वाचून दाखवला.

कागद घेऊन गेले त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे पंचविसाव्या दिवशी, सासू गेली.

दिराने बूथवरून फोन केला. मय्यत दुपारी उचलणार होते. तो म्हणाला, "भाभी, भाईला सांगणार का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "माझ्याच्याने नसतं झालं." त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही, की माझं बरोबर म्हणाला की चूक.

या वेळी टेबलापलीकडे वयस्क अधिकारी होता. तरुण बाजूला उभा. वयस्काने साहेबांचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मध्ये एकदा तरुणाला एका शब्दाचा अर्थ विचारला. जहाजाचं बुक त्याने दोन्ही हातांनी उघडलं, कागद तुटत होते म्हणून.

"आडनाव गावाचं आहे," तो म्हणाला, "तर मग गावच्या शाळेत का लिहिलं नाही?"

मी म्हटलं, "गावातल्या माणसाला गावाच्या नावाने कोण हाक मारेल?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्याने बुक मिटलं, सगळे कागद एका पाकिटात घातले आणि म्हणाला, "बुक्रा." उद्या.

उद्या गेले तर तो नव्हता. परवा गेले तर म्हणाले, वर पाठवलंय. असे एकवीस दिवस गेले. मधे तीन मंगळवार आले. तिन्ही मंगळवारी जाळीपलीकडून तोच प्रश्न आला, अम्मा कैसी है. तिन्ही वेळा मी म्हटलं, ठीक है. हिंदीत खोटं बोलणं मला सोपं गेलं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या बोलीत मला ते जमलं नसतं. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "खाना खाती है?" मी म्हटलं, "थोडा थोडा." शिपायाला काही माहीत नव्हतं, पण तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

कंपनीचं पत्र आलं की त्यांची नोकरी संपली आहे आणि व्हिसा रद्द होईल. माझा आणि मुलीचा व्हिसा त्यांच्याच नावावर होता. मी ते पत्र साहेबांना दाखवलंसुद्धा नाही. नमाजला बसले की कुणासाठी काय मागायचं याचा गोंधळ व्हायचा. सासूसाठी मागायला लागले की वाटायचं, मी तिला मारून टाकतेय, कारण जाळीपलीकडे ती अजून थोडं थोडं जेवत होती.

सत्तेचाळिसाव्या दिवशी दुपारी ते आपले आपण घरी आले. दार वाजलं, उघडलं तर उभे. हातात तीच प्रवासाची बॅग, चेन तुटलेली. कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. सही घेतली आणि म्हणाले, यल्ला, जा. जुनी नोंद सापडली, की आमचे कागद मान्य झाले, की खरा चौकीदार कुठे मिळाला, आजतागायत कळलं नाही. साहेब म्हणायचे, पत्राने झालं. मी हो म्हणायचे.

मुलगी त्यांच्या पायाला मिठी मारून बसली. ते उभ्यानेच म्हणाले, "फोन लाव गावी. आम्माशी बोलतो."

मी त्यांना बसा म्हटलं. ते बसले नाहीत.

"आम्मा गेली," मी म्हटलं.

"कधी?"

मी तारीख सांगितली. त्यांनी मनात हिशोब केला. मला तो त्यांच्या तोंडावर दिसला.

"म्हणजे तू तीनदा येऊन गेलीस."

"तुम्ही आत होता. काय करणार होता आत बसून?"

"रडलो असतो," ते म्हणाले.

नंतर दहा-बारा दिवस ते माझ्याशी हिंदीत बोलत होते. पानी दो. दरवाजा बंद करो. मुलीशी नीट बोलायचे, वहिनींशी नीट बोलायचे, माझ्याशी हिंदी. मी एकदाही तक्रार केली नाही. एका सकाळी मी त्यांची बॅग शिवत बसले होते, तेव्हा ते शेजारी येऊन बसले आणि आमच्या बोलीत विचारलं, "आम्माच्या हातात काही होतं का, शेवटी?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

महिन्याच्या आत आम्ही तिघं कायमचे परतलो. साहेब निरोपाला विमानतळापर्यंत आले. माझा नवरा पासपोर्टच्या खिडकीपाशी गेला तेव्हा त्याचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता. शिक्का पडेपर्यंत साहेब काचेबाहेरून हलले नाहीत. वर्षभराने त्यांचं एक पत्र आलं. ते ग्लासगोला राहायला गेले होते. आयर्लंडातल्या त्या माणसाच्या आधीचं काही सापडत नाही, आता शोधणं बंद केलंय, असं लिहिलं होतं. मी उत्तर लिहिलं, मग पत्रव्यवहार आपोआप थांबला.

गावी पोचलो त्या दिवशी ते सरळ कब्रस्तानात गेले. दीर सोबत गेला आणि थोड्या वेळाने एकटाच परत आला. आम्मा शेवटचे चार दिवस कुणालाही ओळखत नव्हती, हे त्याने तेव्हा मला सांगितलं. मी म्हटलं, हे त्यांना सांग. तो म्हणाला, सांगितलं, विश्वास बसत नाही त्याचा.

त्यांनी महाडला फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. पेंटरने पाटीवर नाव काय घालू विचारलं, तर म्हणाले, नाव नको, काम लिही. तालुक्याला लोक त्यांना बहरीनवाला म्हणायला लागले, अजूनही म्हणतात. त्यांना ते आवडत नाही, पण त्यांनी कुणाला अडवलं नाही. पासपोर्टची मुदत संपली तेव्हा नवा काढला नाही. मुलीच्या शाळेचा फॉर्म मी भरला, तिन्ही रकाने पूर्ण, ठळक अक्षरात. त्यांनी तो वाचला आणि सही केली. मग दुकानाची किल्ली घेऊन निघाले, कारण कुणाचा तरी फ्रीज सकाळपासून बंद पडला होता आणि आत मासळी होती.